गुलाबाच्या बागेचे वचन

१९९३ सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला ‘गाणगापूरला दत्तदर्शनाला जाऊन येऊ’ असे सांगून वडिलांनी गाडीत बसवले. गाडी गाणगापूरला गेली नाही. ती थांबली एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याच्या फाटकाशी.

मुलगा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्षभर अभ्यास सोडून खोलीत बसून असे. रेडिओवरचा माणूस बातम्यांतून आपल्याचविषयी बोलतो असे त्याला वाटे, आणि घरात कोणी नसताना दोन माणसे आपल्या वागण्यावर शेरे मारताना त्याला ऐकू येत. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण ते कानडीतून विचारत होते. मुलाला कानडी उत्तम येई. क्रिकेट तो कानडीत खेळे, बाजारहाट कानडीत करी. पण ते दोन आवाज मराठीत बोलत. त्याने तोंड उघडले नाही. मग वडील दुभाषी झाले, आणि आपल्यापैकी कोणत्याही बापाने केले असते तेच त्यांनी केले. सांगायला लाज वाटली तेवढे गाळले, बाकीचे सांगितले. गोळ्या मिळाल्या. त्या कुटून चहात घालून देणे सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात मुलाने कपाच्या तळाशी पांढरी भुकटी पाहिली. त्या दिवसापासून त्याने घरचा चहाच काय, घरचे जेवणही सोडले.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळे त्याच्या भल्यासाठीच चालले होते. गल्लीतल्या आम्हा चार जाणत्यांचाही त्याला पाठिंबा होता. पण आपल्याविरुद्ध सारे जग कट करते आहे असे ज्या मुलाला वाटत होते, त्याच्या हाती त्या कटाचा पुरावा आम्हीच दिला होता, हे आमच्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. माझ्यापुरते सांगायचे तर ते एका कादंबरीने ध्यानात आणून दिले. त्या कादंबरीविषयी इथे लिहायचे आहे.

२

जोअन ग्रीनबर्ग या अमेरिकन लेखिकेची ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ ही कादंबरी १९६४ साली ‘हॅना ग्रीन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. ‘मी तुला गुलाबाच्या बागेचे वचन कधीच दिले नव्हते’ असा त्या नावाचा अर्थ. टोपणनावाचे कारण उघड आहे : कथा लेखिकेची स्वतःची होती. १९४८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिला वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिल गावी ‘चेस्टनट लॉज’ या खाजगी मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तिथे तिच्यावर उपचार केले डॉ. फ्रिडा फ्रॉम-राइखमन यांनी. या ज्यू विदुषींचा जन्म १८८९ सालचा, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावचा. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी देश सोडला आणि १९३५ साली त्या अमेरिकेत पोहोचल्या. कादंबरीत रुग्ण मुलीचे नाव आहे डेबोरा ब्लाऊ आणि डॉक्टरांचे डॉ. फ्रीड.

डेबोराच्या विकाराला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, मराठीत छिन्नमनस्कता. खऱ्याखोट्याची सीमा पुसली जाते, भास होतात, संशय पक्के होतात. या अवस्थेचे व्यापक नाव सायकोसिस. अशा रुग्णाचे मन स्वतःतच इतके मिटलेले असते की उपचार करणाऱ्याशी त्याचे नाते जुळूच शकत नाही, असे खुद्द फ्रॉइडचे मत होते. म्हणजे बोलण्याचा उपचार इतरांसाठी, यांच्यासाठी कुलूप. फ्रॉम-राइखमन यांचे आयुष्य या मताशी झगडण्यात गेले. त्यांचे म्हणणे असे की या माणसाला नाते नको असते असे नाही. त्याला ते फार हवे असते आणि त्याची तितकीच दहशत वाटत असते. म्हणून अविश्वास हा उपचारातला अडथळा मानून चालणार नाही; उपचाराचे पहिले कामच ते.

कादंबरी आहे ती या पहिल्या कामाची. बाकीचे सारे, म्हणजे वॉर्डातल्या बायका, बंद दारे, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे रुग्णाला थंड ओल्या चादरीत गुंडाळून ठेवणे, हे तिच्याभोवतीचे जग.

३

डेबोराने मनात एक राज्य उभारले आहे. त्याचे नाव ‘इर’. तिथे देव आहेत, दऱ्या आहेत, शिक्षा आहेत आणि एक स्वतंत्र भाषा आहे. लहानपणी जग असह्य झाले तेव्हा हे राज्य तिचा आसरा होते. पुढे त्याच राज्याने तिला कैद केले. लेखिकेने इरची वर्णने मोठ्या ताकदीने केली आहेत. क्वचित ती जडही होतात, आणि दोनचार ठिकाणी वाचकाला वाटते की देव जरा कमी बोलले असते तर बरे. पण इरची भाषा हा कादंबरीचा कणा आहे, आणि घरी एक व कचेरीत दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला तो चटकन हाताला लागतो.

पहिल्याच भेटीत डॉ. फ्रीड तिला सांगतात की तुझी लक्षणे तुझ्या मर्जीविरुद्ध मी काढून घेणार नाही. वरवर पाहता हे विचित्र आहे. लक्षणे काढून घेण्यासाठीच तर माणूस दवाखान्यात येतो! पण डेबोराच्या बाजूने पाहावे. तिचे जगण्याचे एकमेव साधन म्हणजे तिची लक्षणे. ते हिसकावून घेणारा तिच्या लेखी डाकूच. डॉ. फ्रीड ‘इर खरे आहे’ असेही म्हणत नाहीत, ‘खोटे आहे’ असेही सुनावत नाहीत. त्या विचारतात. तिथे काय चालते, ते कधी सुरू झाले, त्या वेळी घरात काय घडत होते. आपण या जगातच उभ्या आहोत हे त्या लपवत नाहीत आणि तिच्या जगाची चौकशी करायला कमीपणाही मानत नाहीत.

दुसरा प्रसंग खोटेपणाचा. पाच वर्षांची असताना डेबोरावर शस्त्रक्रिया झाली होती. दुखणार नाही असे डॉक्टरांनी तिला सांगितले, फार दुखले. इतक्या वर्षांनी ती हे सांगते तेव्हा डॉ. फ्रीड तिची समजूत घालत नाहीत. मुलांशी असे खोटे बोलणाऱ्या त्या मूर्खांवर त्या सरळ संतापतात. तो संताप डेबोराला औषधासारखा लागू पडतो, कारण आपल्या बाजूने कोणी रागावले आहे हा अनुभवच तिला नवा आहे. हे पान वाचताना मला आमच्या गल्लीतला तो चहाचा कप आठवला. ‘त्याच्या भल्यासाठी’ बोललेले खोटे किती काळ टिकते? जिभेवरून जायला जेमतेम क्षण लागतो, पण मनातून जायला अकरा वर्षेही पुरत नाहीत.

तिसरा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. फ्रीड काही काळासाठी परगावी जातात आणि त्यांच्या जागी डॉ. रॉयसन येतात. हुशार, काटेकोर, तर्कशुद्ध. ते इरच्या भाषेतले शब्द घेतात आणि त्यांची मुळे डेबोराला ठाऊक असलेल्या इतर भाषांत कशी आहेत ते सिद्ध करून दाखवतात. अर्थ असा की ही भाषा तूच रचलीस. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एका शब्दाचीही चूक काढता येणार नाही. परिणाम काय? डेबोरा आपल्याच अंगाला चटके देऊ लागते.

आता याच्याशेजारी कादंबरीतला पुढचा एक प्रसंग ठेवावा. धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आपण तिला खिडकीतून फेकण्याचा प्रयत्न केला, आपण खुनी आहोत, असे डेबोरा वर्षानुवर्षे मनात धरून असते. डॉ. फ्रीड तिच्याबरोबर तो प्रसंग तपासतात. पाळणा केवढा उंच होता? पाच वर्षांच्या मुलीला तान्हे मूल उचलून खिडकीबाहेर धरणे आणि कोणाला कळायच्या आत परत जागेवर ठेवणे जमले असते का? नसते. म्हणजे ते घडले नव्हते. ती एका मत्सरी पोरीची कल्पना होती. डेबोरा मोकळी होते.

तर्क इथेही आहे आणि तिथेही. रॉयसनचा तर्क तिला जाळतो, फ्रीडचा सोडवतो. फरक तर्कात नाही. रॉयसनना ती भाषा खोटी पाडायची होती, म्हणून ते ती भाषा शिकले. डॉ. फ्रीड शिकल्या त्या डेबोराशी बोलता यावे म्हणून. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या भाषेचे व्याकरण जाणणारा अधिकारी आणि आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत ऐकून घेणारा अधिकारी, या दोघांतला फरक आपण खिडकीपाशी उभे राहून अनेकदा अनुभवलेला आहे. लेखिकेला हे भाषेचे भान पुढेही सुटले नाही. १९७० साली तिने ‘इन धिस साइन’ ही कादंबरी लिहिली, ती एका मूकबधिर जोडप्याची आणि त्यांच्या खुणांच्या भाषेची आहे.

आणि मग तो शीर्षकाचा प्रसंग. वॉर्डातला एक सेवक एका रुग्ण बाईला मारतो. डेबोरा ते पाहते आणि डॉ. फ्रीड यांना सांगते. त्या वरिष्ठांच्या कानी घालतील, पण वॉर्डाचा कारभार त्यांच्या हाती नाही. मग या खऱ्या जगात यायचे कशाला, असे डेबोरा विचारते. त्यावर डॉक्टर म्हणतात, की मी तुला न्यायाचे, सुखाचे वचन दिले नव्हते; झगडायला तू मोकळी व्हावीस एवढ्यासाठी मी तुला मदत करते आहे. गुलाबाच्या बागेचा उल्लेख येतो तो इथे. पुष्कळांना हे कठोर वाटते. मला वाटते, सगळ्या कादंबरीत याहून मोठा आदर कोणी डेबोराला दाखवलेला नाही. जो माणूस ‘सगळे ठीक होईल’ असे म्हणत नाही, त्याने ‘थोडे बरे होईल’ म्हटले तर त्यावर विश्वास ठेवता येतो.

४

इतके म्हटल्यावर कादंबरीचे जे कच्चे आहे तेही सांगितले पाहिजे, कारण हे पुस्तक श्रद्धेने वाचले तर अपाय होऊ शकतो.

पहिला दोष असा, की डॉ. फ्रीड फार चांगल्या आहेत. हे समजण्यासारखे आहे. फ्रॉम-राइखमन १९५७ साली वारल्या, त्यानंतर सात वर्षांनी पुस्तक आले. कृतज्ञ रुग्णाने उभारलेले ते स्मारक आहे. पण त्यामुळे असा समज होतो की एक असामान्य डॉक्टर भेटला, त्याने वर्षानुवर्षे तासन्तास दिले की माणूस बरा होतो, आणि गोळ्यांची गरज नसते. कादंबरी घडते त्या काळात या विकारावरची औषधेच नव्हती. क्लोरप्रोमाझिन अमेरिकेत वापरात आले ते १९५४ साली. औषधे आल्यावरही चेस्टनट लॉज दीर्घकाळ बोलण्याच्या उपचारावरच भर देत राहिले. तिथल्या रुग्णांचा अनेक वर्षांनी पाठपुरावा करणारा अभ्यास १९८४ साली त्याच संस्थेतून प्रसिद्ध झाला, तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या बहुसंख्य रुग्णांची स्थिती निराशाजनक दिसली. डेबोरा हा नियम नव्हता, अपवाद होता. काही मानसोपचारतज्ज्ञांनी तर तिचा विकार स्किझोफ्रेनिया नव्हताच असाही आक्षेप पुढे घेतला. चेस्टनट लॉज २००१ साली बंद पडले आणि २००९ साली त्याची मुख्य इमारत आगीत नष्ट झाली.

दुसरा दोष अधिक गंभीर. ‘आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो’ या कल्पनेला शास्त्रीय वाटणारे नाव दिले ते फ्रॉम-राइखमन यांनीच, आणि तेही १९४८ साली. म्हणजे सोळा वर्षांची जोअन त्यांच्या दारात आली त्याच वर्षी. पुढची कित्येक वर्षे असंख्य आयांनी या एका शब्दाचा डाग कपाळी वागवला. आज ही कल्पना टिकलेली नाही. पण मुलाचे प्रत्येक दुःख इतक्या कान देऊन ऐकणाऱ्या विदुषींना त्याच्या आईचे दुःख ऐकू आले नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

गंमत अशी, की कादंबरी इथे सिद्धांताच्या पुढे जाते. तिची सुरुवातच आईबापांपासून होते. एस्थर आणि जेकब मुलीला गाडीतून रुग्णालयाकडे नेत आहेत. ते राक्षस नाहीत, घाबरलेली माणसे आहेत. घरी धाकट्या सूझीला आणि नातेवाइकांना खरे सांगितलेले नाही. थोरली विश्रांतीसाठी कुठेतरी राहते आहे असे सांगून वेळ मारून नेली जाते. लोक काय म्हणतील, धाकटीचे पुढे कसे होईल, ही काळजी शिकागोच्या ज्यू घरातली, पण बेळगावच्या किंवा बडोद्याच्या कोणत्याही वाड्यात ती जशीच्या तशी सापडेल. ही प्रकरणे लेखिकेने हळुवारपणे लिहिली आहेत. एवढे मात्र खरे की डॉक्टर आणि आईबाप यांच्यात सहकार्याचे नाते काही जुळत नाही. घर भेटीला येते आणि परत जाते. उपचार फाटकाच्या आत होतो.

५

आपल्याकडे घर असे फाटकाबाहेर ठेवून चालणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यातले भारतातले केंद्र ग्वाल्हेरकरांच्या शेजारचे आग्रा होते. श्रीमंत देशांपेक्षा आग्र्याच्या रुग्णांची पुढची वाटचाल बरी दिसली. याची कारणे कोणती यावर वाद आहेत, पण रुग्णाला सोडून न देणारे कुटुंब हे त्यांतले एक मानले जाते. मराठीत हे ज्या कलाकृतीने नेमके पकडले ती म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट. त्यातल्या शेषला सांभाळणारी त्याची बहीण आहे. ती दमते, चिडते, तिच्या संसारावर ताण येतो, आणि तरीही ती दार बंद करत नाही. ग्रीनबर्गच्या कादंबरीत जे फाटकाबाहेर राहिले ते ‘देवराई’त मध्यभागी आले. दोन्ही कृती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे मी सुचवीन.

अमेरिकेतही आता एकट्या डॉक्टरचा पराक्रम मागे पडला आहे. २०१५ साली तिथे एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २१ राज्यांतली ३४ केंद्रे, नुकताच सायकोसिस सुरू झालेले ४०४ रुग्ण. काही केंद्रांत नेहमीचे उपचार, तर काहींत एक संपूर्ण चमू : बेताची औषधे, बोलण्याचा उपचार, घरच्यांना माहिती व आधार, शिक्षण किंवा नोकरी पुन्हा धरायला मदत, आणि प्रत्येक निर्णय रुग्णाला विचारून. चमूकडचे रुग्ण उपचारात अधिक काळ टिकले, त्यांचे जगणे अधिक सुधारले, आणि ते कामात व अभ्यासात अधिक रमले. ज्यांच्यावर लवकर उपचार सुरू झाले त्यांना फायदा जास्त झाला. पण निम्म्या रुग्णांच्या बाबतीत विकार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत ७४ आठवड्यांहून अधिक काळ गेला होता. दीड वर्ष! अमेरिकेत ही स्थिती, तर अंगारा, दृष्ट, गाणगापूर अशी वाट चालून येणाऱ्या आपल्या मुलांचे काय होत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. देवाला जाऊ नये असे मी म्हणत नाही. देवाचे नाव सांगून दवाखान्यात नेऊ नये, आणि दवाखाना टाळण्यासाठी देवाला नेऊ नये, एवढेच.

म्हणून या कादंबरीतून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे मला आता स्पष्ट दिसते. औषधाविना केवळ बोलण्याने होणारा चमत्कार सोडावा. आईला आरोपी करणारी दृष्टी तर सोडावीच. घ्यायची ती डॉ. फ्रीड यांची रीत : मर्जीविरुद्ध हिसकावू नये, खोटे बोलू नये, भास खोडून काढण्याची घाई करू नये, आपल्या हाती नाही त्याचे वचन देऊ नये. या गोष्टींना असामान्य बुद्धी लागत नाही. त्या डॉक्टरला जमतात, तशा आईलाही जमतात, भावालाही जमतात.

गल्लीतल्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. अकरा वर्षे वाया गेली. २००४ साली त्याचा थोरला भाऊ त्याला एका दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. निघण्याआधी त्याला स्पष्ट सांगितले, ‘डॉक्टरकडे जातोय. नको वाटलं तर माघारी येऊ.’ हे डॉक्टरही कानडीच होते. त्यांनी भावाला बाहेर बसवले आणि मोडक्यातोडक्या मराठीत पहिला प्रश्न विचारला, ‘आवाज कुठल्या भाषेत येतात?’ मुलगा म्हणाला, ‘मराठीत.’ डॉक्टर म्हणाले, ‘मग तुम्ही मराठीतच सांगा. मला कळलं नाही तर मी परत विचारीन.’ गोळी कशाची, तिने तोंड कोरडे पडेल, झोप येईल, हेही त्यांनी त्यालाच सांगितले, आणि ती त्याच्याच हातात दिली.

आज तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. भावाच्या दुकानात हिशेब पाहतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत; कमी झाले आहेत आणि त्यांचे ऐकायचे की नाही हे तो ठरवतो. गोळी रात्री जेवणानंतर स्वतःच्या हाताने घेतो. मध्यंतरी त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा आणला. त्याने कप उचलला आणि बोलता बोलता पिऊन टाकला, तळाशी न पाहता.